गोळी कोणाच्या हातून?

दिवाळीच्या आगेमागे यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीला जोर येतो. माणसे दिवस उगवायच्या आत वावरात जातात. पुढे पुसद, उमरखेड, महागाव भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. एचआयव्हीची औषधे घेणाऱ्या मुलांसाठी हेच महिने सगळ्यात अवघड. डबी घरात असते, पण ठरल्या वेळी त्यातली गोळी काढून देणारे माणूस घरात नसते.

देशात एचआयव्हीवरच्या उपचाराची, म्हणजे एआरटीची, मोफत औषधे 1 एप्रिल 2004 पासून मिळू लागली. मुलांसाठीचा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम नोव्हेंबर 2006 मध्ये सुरू झाला. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या एआरटी केंद्रातून ही औषधे मिळतात. आईकडून संसर्ग घेऊन जन्मलेले मूल आज शाळा-कॉलेजात जाते, ते या गोळ्यांमुळे. तरीही काही मुलांच्या अंगात औषध चालू असताना विषाणू पुन्हा वाढतो. याला उपचार निष्फळ होणे म्हणतात.

हे घडते कसे? विषाणू स्वतःच्या नकला करताना सतत चुका करतो. रक्तात औषधाची मात्रा पुरेशी असेल तर त्याला नकला करताच येत नाहीत. डोस चुकत राहिले की मात्रा खाली येते. मग ज्या विषाणूत औषधाला न जुमानणारा बदल झाला आहे तोच टिकतो, वाढतो. पुढे डोस नियमित झाले तरी त्या औषधाचा उपयोग उरत नाही.

काही मुलांच्या वाट्याला औषधाला न जुमानणारा असा विषाणू बाळपणीच आला. बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून पूर्वी बाळंतपणाच्या वेळी आईला आणि जन्मल्यावर बाळाला नेविरापिन या औषधाचा एकच डोस देत. त्याने असंख्य बाळे वाचली. ज्यांना तरीही संसर्ग झाला, त्यांच्यातल्या अनेकांचा विषाणू मात्र नेविरापिनला सरावला. आफ्रिकेतल्या अशा लहान मुलांवरचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेविरापिनवरच्या सुमारे 40 टक्के मुलांचा उपचार फसला, लोपिनावीर या दुसऱ्या औषधावरच्या सुमारे 22 टक्के.

लोपिनावीरचे सिरप कडू, त्यात मद्यार्क 42 टक्क्यांच्या आसपास, आणि ते थंड जागी ठेवावे लागते. यवतमाळच्या मे महिन्यात, फ्रिज नसलेल्या घरात, ते सांभाळणे किती कठीण याची कल्पना करा. 2017 मध्ये याच सिरपचा देशात तुटवडा झाला, तेव्हा 637 मुलांच्या वतीने पंतप्रधानांना पत्र गेले. असा तुटवडा आला की घरच्यांनी कितीही काळजी घेतली तरी डोस चुकतोच.

मुलांचे डोस वजनावर ठरतात. मूल वाढले आणि मात्रा तीच राहिली, तर रोज गोळी घेऊनही औषध कमी पडते. म्हणून केंद्रावर दर भेटीत मुलाला काट्यावर उभे करणे ही नुसती नोंद नाही, तो उपचाराचा भाग आहे. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन सुरू झाले तर एचआयव्हीच्या औषधांची मात्रा किंवा औषधच बदलावे लागते.

पण माझ्या मते खरी मेख घरात आहे. आईवडील दोघेही गेलेले असतात, किंवा आई स्वतः आजारी असते. मूल आजीकडे वाढते. आजीला डबीवरचे वाचता येत नाही. तांड्यावर, कोलामपोडावर तिची भाषाही केंद्रातल्या भाषेहून वेगळी असते. «पोरगं तं बरं दिसते, मंग गोयी कायले?» हा प्रश्न तिच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. उमरखेडहून यवतमाळ शंभरावर किलोमीटर. एक खेप म्हणजे एक रोजी बुडाली. कुठे बारा-तेरा वर्षांची बहीणच धाकट्याला गोळी देते. 2017 च्या एचआयव्ही प्रतिबंध कायद्याने ही बहीण ओळखली आहे: घर सांभाळणारे, समज असलेले बारा वर्षांवरचे भावंड धाकट्याच्या उपचारासाठी पालक म्हणून उभे राहू शकते. ही तरतूद गावोगाव माहीत व्हायला हवी.

मूल वयात आले की अडचण बदलते. आपल्याला काय झाले आहे हे कोणी नीट सांगितलेले नसते. ‘शक्तीची गोळी’ म्हणून वर्षानुवर्षे घेतलेले औषध एक दिवस मूल थांबवते. वसतिगृहात डबी लपवावी लागते, म्हणून गोळी टळते. मुलाला त्याच्या वयाला पेलेल तसे, टप्प्याटप्प्याने खरे सांगणे हाही औषधोपचारच आहे, आणि तो समुपदेशकावर एकट्यावर टाकून भागत नाही.

विषाणू वाढल्याचे मुलाच्या दिसण्यावरून कळत नाही. वजन घटेपर्यंत, ताप-जुलाब सुरू होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. 2018 पासून देशात व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, नियमित तपासणी सुरू झाली, ती यासाठीच. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या 1000 पेक्षा जास्त प्रती आढळल्या तर आधी समुपदेशन होते आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. आकडा तरीही वरच राहिला तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने दुसऱ्या फळीची औषधे. मधल्या काळात «गोळ्या चुकवल्या का?» असे विचारले की मूल मान हलवून नाही म्हणते. «काल कोणी दिली, आणि ते माणूस गावाला गेले की कोण देते?» असे विचारावे. घरची घडी त्यातूनच कळते.

आता औषधही सुधारले आहे. डोल्युटेग्राविरची पाण्यात विरघळणारी मुलांची गोळी आली. तिला सिरपचा कडूपणा नाही, फ्रिज लागत नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओडिसी चाचणीत 707 मुले होती. 96 आठवड्यांत डोल्युटेग्राविरवरच्या 14 टक्के मुलांचा उपचार फसला, जुन्या औषधांवरच्या 22 टक्के. सुधारणा मोठी आहे, पण हे 14 टक्केही मुलेच आहेत.

वाचकहो, तुमच्या गावात आजी-आजोबांकडे वाढणारे, महिन्याकाठी ‘यवतमाळले जाऊन येतो’ म्हणणारे मूल असेल तर कारण विचारू नका. शिक्षक असाल तर त्या दिवसाची गैरहजेरी मुकाट्याने माफ करा. शेतमालक असाल तर त्या दिवशी आजीची रोजी कापू नका. आणि घरची माणसे ऊसतोडीला निघण्याआधी मुलाच्या दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का, किंवा ती जिथे जाणार तिथल्या केंद्रात नाव वळवता येईल का, एवढे एआरटी केंद्रात विचारून घ्यायला त्यांना सांगा.