रात्री दोन वाजता तिथे कोण असतं?

दिवाळीची तिकिटं दोन-तीन महिने आधी काढणारी माणसं कुत्र्याच्या हॉस्टेलची चौकशी मात्र शेवटच्या आठवड्यात करतात. तीही बहुधा मोबाइलवरच. हिरवळ, पोहायचा हौद, वाढदिवसाची टोपी घातलेला लॅब्रॅडोर... हे सगळे फोटो दिवसाउजेडी काढलेले असतात आणि गफलत इथेच होते. कुत्रा मुक्कामाला ठेवायचा, तर जागा रात्रीवरून पारखावी. रात्री दोन वाजता कुत्र्यांजवळ कोण असतं, हे आधी विचारावं. भाडं आणि हौद मागाहून.

जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटात कधीकधी वायू कोंडतो आणि जठरालाच पीळ बसतो. कुत्रा येरझाऱ्या घालतो, उमासे काढतो, पण फेसापलीकडे काही पडत नाही. पोट ढोलकीसारखं ताठ होतं. यावर उपाय तातडीच्या शस्त्रक्रियेचा, आणि हाताशी असतात मोजके तास. रात्री नऊला जेवण देऊन, कुलूप लावून गेलेला माणूस सकाळी सातला उगवणार असेल, तर ते तास गेलेच म्हणायचे. पगची तऱ्हा वेगळी. कुत्रं अंग निववतं ते मुख्यतः धापा टाकून, आणि चपट्या नाकामुळे पगला तेही धड जमत नाही. मे महिन्यात मध्यरात्री वीज गेली, तर इन्व्हर्टर हवाच. पण तोही बसला, हे कळायला माणूस हवा. फटाक्यांनी बिथरलेलं कुत्रं फट दिसेल तिथून निसटतं. म्हणून फाटकाच्या आत दुसरं दार आहे का आणि पहिलं लावल्याशिवाय ते उघडत नाहीत ना, हे जाऊन बघावं.

यावर ‘सीसीटीव्ही आहे’ हे ठरलेलं उत्तर. असू दे, पण पडद्यासमोर जागं कोण असतं? माणूस ठेवला की दर वाढतो, हे खरं आहे. मग हौद नसलेली जागा घ्यावी. घरगुती सोयीत निदान कुणीतरी त्याच घरात झोपतं, ही तिची मोठी जमेची बाजू. मात्र दिवाळीत त्याच टू-बीएचकेमध्ये किती कुत्री असतील, तो आकडा आधी विचारावा. परवाना भिंतीवर आहे, असंही सांगतात. केंद्राचे 2017 चे नियम कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि 2018 चे पेट शॉपचे; दोन्हींचा रोख पैदास आणि विक्रीवर. मुक्कामाच्या रात्रीबद्दल तो कागद फारसं काही सांगत नाही.

खरा आक्षेप आजारांचा आहे: माणूस रात्रभर जागला तरी केनेल कफ थांबत नाही. बरोबर. तो हवेतून पसरतो आणि लक्षणं दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवडेही लागतात, त्यामुळे शेजारच्या पिंजऱ्यातलं न खोकणारं कुत्रंही तो देऊ शकतं. लसींचं कार्ड न मागता कुत्रा ठेवून घेणारी जागा तिथल्या तिथे बाद करावी. केनेल कफच्या इंजेक्शनचे पहिल्यांदा काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. शेवटच्या आठवड्यातली चौकशी इथेही नडते. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो, म्हणून फिनाइलच्या वासावर भुलू नये. ब्लीच वापरतात का, विचारावं. गोचिडांचा ताप तर एक ते तीन आठवड्यांनी चढतो, तोवर हॉस्टेलचा संबंध कुणाच्या ध्यानातही राहत नाही. पण शेजारच्याचा खोकला वेळीच ऐकून त्याला वेगळं काढायलाही रात्री कुणीतरी लागतंच.

तेव्हा जागा बघायला आठनंतर जा. नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर आणि तुमचा फोन लागला नाही तर किती खर्चापर्यंत उपचार करावेत, हे सहीनिशी लिहून द्या. आणि पहिला मुक्काम एकाच रात्रीचा ठेवा, तुम्ही गावात असताना.