आमच्याविषयी, पण आम्हाला न विचारता

एखाद्याचे बोलणे पटले नाही की पुण्यात आपण म्हणतो, 'याला येरवड्याला धाडा'. मुंबईकडचा माणूस ठाण्याचे नाव घेतो. इस्पितळाचे गावच शिवी होऊन बसले! तुरुंगही येरवड्यालाच आहे. पण तिथून सुटलेला पुढारी होऊ शकतो, आणि मनाच्या आजारातून उठलेला मात्र जन्मभर 'तो वेडा'च राहतो.

शब्दाची किंमत आम्हा कामगारांना शाळेत नव्हे, कारखान्यात कळली. 'ए, इकडे ये'चे 'अहो' व्हायला आमची कित्येक वर्षे गेली. तरीही आमच्या हातून एकदा चूक झालीच. आमचा एक फिटर तीन महिने उपचार घेऊन कामावर परतला. आम्ही त्याच्या वतीने साहेबांशी तावातावाने भांडलो आणि त्याला हलके काम मिळवून दिले. तो बाहेर बाकावर बसून होता. बातमी ऐकून म्हणाला, "दादा, भांडलात खरे, पण मला विचारले कुणी? मशीन गेले म्हणजे भत्ता गेला. मला फक्त रात्रपाळी नको होती. रात्रीच्या गोळीने झोप येते." आम्ही खाली मान घातली.

आता कायद्याकडे पाहू. 1912 सालच्या कायद्याच्या नावातच 'ल्युनसी' होते. चंद्रामुळे डोके फिरते, या जुन्या युरोपीय समजुतीतून आलेला हा शब्द. 1987 च्या कायद्याने तो घालवला. पण नाव बदलले म्हणून साखळी तुटत नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेली 28 माणसे मेली.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 पासून अमलात आला. त्यात साखळीने बांधण्यास मनाई आहे, सक्तीने डोके भादरण्यास मनाई आहे, स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे. रुग्णाकडून जबरीने काम करून घेता येत नाही, आणि त्याने काम केले तर योग्य मोबदला द्यावा लागतो. (हे कलम वाचून आम्हाला आमच्याच माणसाने लिहिल्यासारखे वाटले!) परंतु सर्वांत मोलाची तरतूद निराळीच आहे. कोणाही सज्ञान माणसाला, तो आजारी असो वा नसो, आधीच लिहून ठेवता येते की, पुढे मनाचा आजार झाल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे. तातडीच्या उपचारांना हे लिखित लागू नाही. आणि ते नियमाप्रमाणे करावे लागते, नुसते घरी चिठ्ठी लिहून भागत नाही. घरात मृत्युपत्राचा विषय काढतानाच जिथे बायकोमुले गप्प बसतात, तिथे हा विषय कोण काढणार, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी काढावा.

त्या फिटरची दुसरी बैठक आठवड्याने झाली. या वेळी बाकावर आम्ही होतो, आत तो होता. पंधरा मिनिटांत बाहेर आला. मशीन परत मिळाले होते. रात्रपाळीचे मात्र साहेबांनी 'पाहू' म्हटले होते.