वेढ्यांचा हिशेब

अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या रांगांमध्ये, मेळघाटच्या सागवनांनी वेढलेले धारणी हे गाव आहे. त्याच्या आसपास कोरकू लोकांच्या लहान लहान वस्त्या डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या आहेत. अशा वस्त्यांकडे वीज नेणाऱ्या तारा रानावनांतून लांबवर जातात. वाटेत विजेचा नाश कमी व्हावा म्हणून त्यांतील दाब ११,००० व्होल्ट इतका उंच ठेवतात. घरातील दिवा मात्र २३० व्होल्टांचा असतो. उंच दाब थेट घरात शिरला तर अनर्थ ओढवेल. म्हणून वस्तीजवळ, खांबांवर, तेलाने भरलेली एक लोखंडी टाकी बसवलेली असते. तिला रोहित्र म्हणतात.

रोहित्राच्या पोटात फिरणारे चाक नसते. पातळ पोलादी पत्र्यांचा एक गाभा असतो. त्या गाभ्याला तीन दांडे असतात आणि प्रत्येक दांड्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. एकात उंच दाबाची वीज येते, दुसऱ्यातून कमी दाबाची वीज बाहेर पडते. ही दोन वेटोळी एकमेकांना कोठेही जोडलेली नसतात. मग वीज एकातून दुसऱ्यात जाते कशी?

याचे उत्तर मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली शोधून काढले. त्याने लोखंडाच्या एका कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. पहिल्यातील प्रवाह सुरू होताना किंवा बंद होताना दुसऱ्यात क्षणभर वीज उत्पन्न होते, असे त्याला आढळले. कड्यातील चुंबकीय बलरेषा कमीअधिक झाल्या की तारेच्या प्रत्येक वेढ्यात थोडा दाब निर्माण होतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, त्यामुळे गाभ्यातील बलरेषा अखंड बदलत राहतात. दोन्ही वेटोळ्यांतून त्याच बलरेषा जातात. म्हणून दर वेढ्यामागचा दाब दोहोंत सारखाच असतो. रोहित्राचे सारे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

लहान वस्तीसाठी २५ केव्हीएचे रोहित्र करावयाचे आहे, असे समजा. त्याच्या गाभ्याच्या दांड्याचा छेद ७५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००७५ चौरस मीटर आहे. पोलादात बलरेषांची घनता १.५ टेस्ला ठेवावयाची आहे. ४.४४ हा ठरलेला अंक, ५० आवर्तने, १.५ टेस्ला आणि ०.००७५ चौरस मीटर यांचा गुणाकार केला, की सुमारे २.५ येतात. हा झाला एका वेढ्यामागचा दाब : २.५ व्होल्ट.

पुढचा हिशेब सोपा आहे. तारांतून घरापर्यंत जाताना दाब थोडा घटतो. म्हणून रोहित्रातून तो २५० व्होल्ट निघावा असे ठरवतात. २५० ला २.५ ने भागले की कमी दाबाच्या वेटोळ्याचे १०० वेढे येतात. ११,००० ला २.५ ने भागले की उंच दाबाच्या वेटोळ्याचे ४,४०० वेढे येतात. उंच दाबाच्या बाजूला प्रवाह जेमतेम पाऊण अँपिअर असतो, म्हणून तेथे बारीक तार पुरते. कमी दाबाच्या बाजूला पूर्ण भार असताना तो सुमारे ३३ अँपिअर असतो, म्हणून तेथे जाड तार लागते.

येथे एक शंका मनात येते. ४,४०० आणि १०० यांचे प्रमाण ४४ आहे. तेच प्रमाण राखून ३,५२० आणि ८० वेढे घातले तर तांबे वाचणार नाही काय? तांबे वाचेल आणि दिव्याला दाबही २५० व्होल्टच मिळेल. परंतु आता प्रत्येक वेढ्यावर ३.१२५ व्होल्टांचा बोजा पडेल व गाभ्यातील घनता जवळजवळ १.९ टेस्लापर्यंत चढेल. सुमारे दोन टेस्लाला असे पोलाद चुंबकत्वाने तृप्त होते. त्या सीमेजवळ रोहित्र फुकटचा मोठा प्रवाह खेचू लागते, गाभा तापतो, तेल तापते आणि तारेवरचे आवरण लवकर जीर्ण होते. उलट वेढे फार वाढवले तर तार लांबते, रोध वाढतो आणि भार पडताच दिवे मंदावतात. म्हणजे प्रमाणाने दाब बरोबर मिळतो. पण रोहित्राचे आयुष्य वेढ्यांच्या संख्येवर अवलंबून असते.

लांबच्या वस्तीत आणखी एक अडचण येते. तारांच्या शेवटी ११,००० ऐवजी १०,४५० व्होल्टच पोहोचले, तर २५० च्या जागी २३७.५ व्होल्टच निघतील. यावर उपाय म्हणून काही रोहित्रांत उंच दाबाच्या वेटोळ्यातून मधूनच जोड बाहेर काढलेले असतात. ४,४०० ऐवजी ४,१८० वेढेच उपयोगात आणले, की दर वेढ्यामागे पुन्हा २.५ व्होल्ट येतात आणि दाब २५० वर स्थिर होतो.

पावसाळ्यात रोहित्र जळाले, तर घाटाच्या वाटेने दुसरे आणीपर्यंत वस्तीचे दिवे, पिठाची गिरणी आणि पाण्याचा पंप बंद पडतात. कारखान्यात वेढे मोजणाऱ्या कामगाराला ती वस्ती कदाचित कधीच दिसत नाही. परंतु त्याने काळजीपूर्वक मोजलेल्या प्रत्येक वेढ्यावर तेथील दिवा तेवत असतो.