वांग्याच्या फुलात मकरंद नसतो

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे कुरुंदवाड. इथल्या काळ्या जमिनीत उसाचे राज्य असले, तरी कृष्णाकाठच्या वांग्याची ख्याती वेगळीच! आज आपण या वांग्याचे फूल पाहू. त्याचे परागकोश उभे फाटत नाहीत. त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्रे असतात. पराग बाहेर यायचे तर मीठदाणीसारखे ते हलवावे लागतात. थोडे काम वारा करतो. खरे काम करतात ते भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या रानमाश्या. फुलाला धरून, पंख न फडकवता, उडण्याचे स्नायू थरथरवले की पराग झडतात. पोळ्यातल्या सातेरी माशीला ही युक्ती साधत नाही.

मात्र या फुलात मकरंद नसतो. रानमाशीच्या अळ्यांसाठी पराग मिळाले, पण तिच्या स्वतःच्या पोटाचे काय? त्यासाठी बांधावरची एकदांडी, कुंभा, रानतुळस हवी. शिवाय निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करून अंडी घालते. न नांगरलेला बांध हेच तिचे घर. म्हणूनच तणनाशक मारून ‘स्वच्छ’ केलेला बांध पाहिला की आम्हाला हळहळ वाटते. (बांध कोरून शेत चार बोटे वाढवण्याची हौस तर जुनीच!)

शाळेत एक प्रयोग करता येईल. नुकतेच उमललेले वांग्याचे फूल काळ्या कागदावर उलटे धरा. नादकाटा वाजवून परागकोशांना हळूच टेकवा आणि कागदावर पडलेली पिवळी पूड भिंगातून पाहा. दुसरे फूल तेवढाच वेळ नुसते धरून तुलना करा.