आहारपूरकांच्या कच्च्या मालाचे विनिर्देशपत्र : नवोदित कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण आणि कोलकात्याचा धडा

सांगली किंवा हिंगोलीच्या बाजारातून निघालेली हळद आहारपूरक उत्पादने तयार करणाऱ्या कारखान्याच्या दारात पोहोचते, तेव्हा तिचे भवितव्य दोन-तीन पानांच्या एका कागदावर अवलंबून असते. हा कागद म्हणजे कच्च्या मालाचे विनिर्देशपत्र. व्यवहारात त्यास स्पेसिफिकेशन म्हणतात. माल कोणता हवा, कोणत्या गुणवत्तेचा हवा आणि ती कशी तपासली जाईल, हे त्यात लिहिलेले असते. ते लिहिण्याचे काम बहुधा गुणवत्ता विभागात नव्याने रुजू झालेल्या पदवीधराकडे येते. जुना नमुना समोर ठेवून आकडे बदलणे म्हणजे विनिर्देशपत्र लिहिणे, असा त्याचा प्रथम समज होतो. तो समज दूर करणे हा प्रशिक्षणाचा आरंभ होय. कारण या कागदातील एका संदिग्ध शब्दामुळे चांगला माल परत जाऊ शकतो आणि भेसळीचा माल स्वीकारला जाऊ शकतो.

कोलकात्याचा धडा

मानके का लागतात, हे समजण्यासाठी कोलकात्याचा इतिहास उपयुक्त आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय बाजारात भेसळयुक्त व हीन दर्जाच्या औषधांच्या तक्रारी वाढल्या होत्या. १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. चोप्रा हे कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत औषधशास्त्राचे प्राध्यापक होते आणि देशी वनौषधींचा पद्धतशीर अभ्यास करीत होते. समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला. १९३७ मध्ये कोलकात्यात जैवरासायनिक प्रमाणीकरण प्रयोगशाळा स्थापन झाली. तीच पुढे केंद्रीय औषध प्रयोगशाळा म्हणून विकसित झाली. औषध कायदा मात्र १९४० मध्ये संमत झाला.

हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे : आधी तपासण्याची सोय, मग कायद्याचे बंधन. जी मर्यादा तपासता येत नाही, ती कागदावर लिहून उपयोग नाही. नवोदिताने शिकावयाचा पहिला नियम हाच.

ओळख प्रथम

विनिर्देशपत्राची पहिली ओळ मालाच्या नावाची असते. केवळ ‘हळद’ असे लिहिणे पुरेसे नाही. कुर्कुमा लॉन्गा हे शास्त्रीय नाव, वापरावयाचा भाग म्हणजे कंद, आणि मालाचे रूप, म्हणजे अखंड हळकुंड, भुकटी की अर्क, या तिन्ही बाबी स्पष्ट हव्यात. अन्यथा रानहळद किंवा आंबेहळदही ‘हळद’ ठरू शकते. अश्वगंधेच्या बाबतीत वापरावयाच्या भागाचा उल्लेख अधिकच महत्त्वाचा ठरतो. विथानोलाइड वर्गातील घटक मुळांप्रमाणे पानांतही असतात. म्हणून केवळ एकूण विथानोलाइडचे प्रमाण मागितले, तर मुळांच्या भुकटीत पाने मिसळलेला मालही तपासणीत उत्तीर्ण होऊ शकतो.

ओळखीसाठी प्रमाणित नमुना जवळ असणे आवश्यक असते. कोलकात्याच्या परिसरात, हावड्यातील शिबपूर येथे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा केंद्रीय राष्ट्रीय वनस्पती संग्रह आहे. वनस्पतीच्या नावाविषयी वाद उद्भवल्यास ज्याच्याशी तुलना करावी, असा जपून ठेवलेला नमुना हाच अशा संग्रहाचा अर्थ. प्रत्येक गुणवत्ता विभागाने आपल्या मालापुरता असा छोटा संग्रह ठेवावा आणि नवोदिताला प्रथम त्यातील नमुने हाताळावयास द्यावेत.

प्रत्येक मर्यादेसोबत पद्धत आणि आधार

अन्न सुरक्षा मानकांनुसार हळद भुकटीत आर्द्रता १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, आम्लात न विरघळणारी राख १.५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, कर्क्युमिनॉइडचे प्रमाण किमान २ टक्के असावे आणि लेड क्रोमेटची चाचणी नकारात्मक असावी. आहारपूरकांचे उत्पादक याहून अधिक कर्क्युमिनॉइड मागतात आणि वादाला तेथूनच सुरुवात होते.

समजा, विनिर्देशपत्रात ‘कर्क्युमिनॉइड किमान ३ टक्के’ एवढेच लिहिले आहे. आलेल्या भुकटीत आर्द्रता १० टक्के आणि कर्क्युमिनॉइड २.८ टक्के आढळले. भुकटी आहे त्या स्थितीत मोजल्यास माल नापास. कोरड्या वजनावर हिशेब केल्यास २.८ भागिले ०.९०, म्हणजे सुमारे ३.१ टक्के, माल पास. माल तोच, आकडा तोच. केवळ ‘कोरड्या वजनावर’ हे दोन शब्द नसल्याने उत्पादकाची खेप परत जाऊ शकते.

पद्धतीचेही तसेच आहे. वर्णपटमापीवर पिवळ्या रंगद्रव्यांचे एकत्रित मोजमाप होते, तर एचपीएलसी यंत्रावर कर्क्युमिन आणि त्याचे दोन सहघटक वेगवेगळे मोजले जातात. दोन्ही पद्धतींचे आकडे जुळतीलच असे नाही. म्हणून प्रत्येक ओळीत गुणधर्म, मर्यादा, पद्धत आणि हिशेबाचा आधार या चारही बाबी असाव्यात.

जे मागाल, तेच मिळेल

कोलकात्याच्या पूर्वेस, बांगलादेशातील उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे १९८० च्या दशकात पुरामुळे हळद भिजून निस्तेज झाली. पिवळ्याधमक रंगाची मागणी मात्र कायम होती. ती भागविण्यासाठी हळकुंडे पॉलिश करताना लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य लावण्याची प्रथा पडली. संशोधकांनी हा प्रकार उजेडात आणल्यावर सरकारने कारवाई केली. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले.

बाजार केवळ रंग मागत होता, म्हणून त्याला रंग मिळाला. विनिर्देशपत्र लिहिताना प्रत्येक अपेक्षेसमोर एक प्रश्न विचारावा : ही अपेक्षा गैरमार्गाने पूर्ण करता येईल काय? उत्तर होकारार्थी असेल, तर तो मार्ग बंद करणारी चाचणी पुढच्याच ओळीत हवी.

मर्यादा कोठून आणाव्यात

सर्वोत्तम नमुन्यावरून मर्यादा ठरविणे ही नवोदिताची नेहमीची चूक. निरनिराळ्या हंगामांतील व भागांतील खेपांचे निष्कर्ष पाहून, उत्पादनाची गरज आणि कायद्याची चौकट यांच्या आत मर्यादा ठरवावी. नमुना घेण्याची रीतही लिहावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वनौषधीविषयक मार्गदर्शनानुसार १०० पोत्यांच्या खेपेतून १० पोती निवडून, प्रत्येकातून वरचा, मधला व तळाचा असे तीन नमुने घ्यावेत. तोंडाशी असलेल्या एका पोत्यातील मूठभर माल संपूर्ण खेपेचा प्रतिनिधी ठरत नाही.

शेवटी, मसुदा तीन व्यक्तींनी वाचावा : प्रयोगशाळेतील विश्लेषक, खरेदी अधिकारी आणि माल पुरविणारा उत्पादक. तिघांनी त्याचा एकच अर्थ लावला, तरच मसुदा पूर्ण झाला असे समजावे.

उत्पादकांसाठी

शेतकरी उत्पादक कंपन्यांनी व्यवहार ठरविण्यापूर्वीच विनिर्देशपत्र मागून घ्यावे. हिशेबाचा आधार, चाचणीची पद्धत व नमुना घेण्याची रीत त्यात आहे का, हे पाहावे. हळद जमिनीवर न वाळविता स्वच्छ ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवावी. आम्लात न विरघळणारी राख वाढविणारी माती-वाळू त्यामुळे टळते. प्रत्येक खेपेचा मोहोरबंद नमुना स्वतःजवळ ठेवावा. वाद उद्भवल्यास फेरतपासणीसाठी तो उत्पादकाच्या हाती असलेला पुरावा ठरतो.