डोया आणि डोळा

सकाळी ८. उमरेडच्या स्टँडवर उतरून विणकरांच्या वस्तीकडे. रेशीमकाठी कापडासाठी हे गाव एके काळी नावाजलेलं. ओसरीवर आजी बसलेल्या. "पंखा बंद करता का जी?" मे महिन्यात हे मागणं जिवावर येतं. पण घरघर ध्वनिमुद्रणात शिरली की 'म' आणि 'म्ह' यांतला श्वासाचा फरक मोजताच येत नाही.

"काहून वं बाई, एवढ्या गरमीत?" आजी विचारतात आणि पंखा बंद करतात.

ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५च्या मराठी खंडात उधळ्या पुत्राच्या बायबलकथेची बोलीरूपं नमुन्याला घेतली होती. मोलाचं काम, पण भाषांतर करताना माणूस जपून बोलतो. डेक्कन कॉलेजच्या बोली-सर्वेक्षणात चित्रं नि चित्रफिती दाखवून लोकांना बोलतं केलं. मला तीच रीत पटते. कार्डावरची गाय बघता बघता आजी स्वतःच्या म्हशीवर येतात. "तिच्या डोयात पानी यायचं." हेच हवं होतं.

११. खाणीकडची वस्ती. आई हिंदी बोलणारी, वडील इथलेच. सात वर्षांचा मुलगा तेच कार्ड आपल्या आजीला सांगतो तेव्हा 'चारा'मधला 'च' दातांमागे उमटतो. आईकडे वळून हिंदीत सांगताना तोच 'च' टाळूकडे सरकतो. लिहायला अक्षर एकच. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडात दाखवून दिलं, की इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखतात. वर्षाच्या आत ती जाण ओसरते, कारण भोवती तसं कुणी बोलत नाही. या मुलाच्या कानांवर दोन्ही 'च' रोज पडतात.

२. डबा, नोंदी, संमतिपत्रांवर सह्या.

४. निघताना आई काळजीनं विचारते, दोन भाषांनी पोरगा गोंधळणार तर नाही? शाळेत 'डोया' म्हटलं की अशुद्ध ठरतं, हेही सांगते. मी तिला सकाळचं मुद्रण ऐकवते: माझ्याशी 'डोळा', लगेच मित्राशी 'डोया'. समोर कोण आहे हे ओळखून तो बोलतोय, ताई. यातलं काहीच तोडू नका. हे मी कुठल्याही शिक्षकासमोर म्हणेन.

रात्री ९. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं ध्वनिविश्लेषणाचं सॉफ्टवेअर 'प्राट' उघडते. आजींच्या 'डोया'त स्वराची दुसरी पट्टी 'य'पाशी स्पष्ट वर चढते. दंत्य 'च'चा घर्षणाचा डाग टाळूच्या 'च'पेक्षा उंचावर दिसतो. मुलाचा एक 'चारा' मात्र दोन्हींच्या अधेमधे आहे. तो रकाना रिकामा ठेवते. मूल कुणाशी बोलत होतं हे माहीत नसताना सहकारी उद्या तो 'चारा' ऐकेल, मग ठरवू. फाइलींना नावांऐवजी क्रमांक दिले, प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली.