नाव, व्याख्या आणि अधिकार : ‘सायकल-मार्ग’ व ‘ई-सिगारेट’ या दोन शब्दांच्या निमित्ताने

डोंबिवलीसारख्या दाट वस्तीच्या शहरात महापालिकेकडून नागरिकांनी कोणत्या अपेक्षा कराव्यात, याची यादी करावयास घेतली, तर परस्परांशी काहीही नाते नसलेले विषय तीत शेजारीशेजारी येतात. सायकलस्वारांसाठी स्वतंत्र मार्ग असावा, ही एक अपेक्षा. शाळा-महाविद्यालयांच्या परिसरात ई-सिगारेट विकली जाऊ नये, ही दुसरी. दोन्ही विषय लोकहिताचे आहेत. दोन्हींचा तरुण पिढीच्या आरोग्याशी निकटचा संबंध आहे. म्हणून दोन्हींचा निकाल एकाच सभागृहात लागेल, असे सामान्य माणसाने समजणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. पहिला विषय बव्हंशी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या कक्षेत येतो, तर दुसरा जवळजवळ संपूर्णतया तिच्या कक्षेबाहेर राहतो. हा भेद विषयांच्या महत्त्वावरून पडलेला नाही. तो शब्दांच्या व्याख्यांवरून पडलेला आहे. तो कसा पडला आणि मराठीतून चालणाऱ्या स्थानिक कारभाराने त्यापासून काय बोध घ्यावा, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. विशेषणाचे दोन व्यापार

‘ई-सिगारेट’ आणि ‘ई-सायकल’ हे दोन्ही शब्द एकाच साच्यातून निघालेले आहेत. परिचित नामापूर्वी ‘ई’ हे अक्षर जोडले, की नवी वस्तू जुन्या नावाच्या आश्रयाला येते. परंतु नामाला जोडलेले विशेषण नेहमी एकच काम करीत नाही. ‘पांढरा घोडा’ हा घोडाच असतो. येथे विशेषण जातीतील एक पोटजात दाखविते. ‘लाकडी घोडा’ हा मात्र घोडा नव्हे; येथे विशेषण नामाचा अर्थच काढून घेते आणि केवळ आकाराचे साम्य शिल्लक ठेवते. दोन्ही ठिकाणी व्याकरणिक रचना तीच आहे. अर्थव्यापार मात्र परस्परविरुद्ध आहे. तेव्हा ई-सिगारेट ही ‘पांढरा घोडा’ की ‘लाकडी घोडा’? आणि ई-सायकल? बोलण्याच्या ओघात या प्रश्नांवाचून कोणाचे अडत नाही. कायद्याचे मात्र पदोपदी अडते.

२. धुरावाचून धूम्रपान

‘धूम्रपान’ हा शब्द यौगिक आहे. घटकांच्या अर्थातूनच त्याचा अर्थ सिद्ध होतो. बोलीत आपण विडी ‘ओढतो’, सिगारेट ‘फुंकतो’. संस्कृतप्रचुर भाषेत मात्र धूर ‘पितो’. क्रियापद कोणतेही असो, धूर गृहीत आहे. ई-सिगारेटमध्ये जळत काहीच नाही. विजेच्या साहाय्याने एक द्रव तापविला जातो, त्याचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळून वाफेसारखा झोत तयार होतो आणि तो श्वासावाटे आत घेतला जातो. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ साली ज्या उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याचे नावच ‘धूररहित, तंबाखूरहित सिगारेट’ अशा अर्थाचे होते. सिगारेटचे सिगारेटपण ज्या दोन गोष्टींत आहे, त्या दोन्ही नाकारून नाम तेवढे राखले गेले! आजच्या स्वरूपातील ई-सिगारेटचे श्रेय चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांना दिले जाते. त्यांचे उपकरण २००३ च्या सुमाराचे.

योगायोग असा, की भारतात तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा प्रमुख केंद्रीय कायदाही २००३ सालचाच आहे. या कायद्यान्वये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीस आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यासही मनाई आहे. सार्वजनिक ठिकाणांसंबंधीचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अंमलात आले. पण या कायद्यात धूम्रपानाची व्याख्या ‘तंबाखूचे कोणत्याही स्वरूपातील धूम्रपान’ अशी आहे. सिगारेट, चिरूट, विडी, नळी, वेष्टन किंवा अन्य साधन अशी साधनांची यादी त्यात ऐसपैस दिलेली आहे. तथापि तिच्या मुळाशी असलेला पदार्थ एकच, तो म्हणजे तंबाखू. ज्या नळीत तंबाखूच नाही, ती या व्याख्येच्या जाळ्यातून सहज निसटते. थोडक्यात, २००३ च्या कायद्याच्या दृष्टीने ई-सिगारेट हा लाकडी घोडा ठरतो.

ही उणीव प्रथम १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि नंतर त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या अधिनियमाने भरून काढली. त्यातील व्याख्येची रचना अभ्यासण्यासारखी आहे. तिने पदार्थाचा आधार सोडला आणि क्रियेचा आधार घेतला. निकोटिन असो वा नसो, स्वाद असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्याजोगा सूक्ष्मकणयुक्त झोत निर्माण करणारे विद्युत-उपकरण ते ई-सिगारेट. न जाळता तापविण्याची उत्पादने, ई-हुक्का आणि तत्सम साधने यांचाही तीत नामनिर्देश आहे. आणि या साऱ्याच्या पुढे, उपकरण कोणत्याही नावाने ओळखले जात असले, त्याचा आकार व स्वरूप काहीही असले तरी ते यात मोडेल, अशी पुस्ती जोडलेली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली परवाना मिळालेली उत्पादने तेवढी वगळली आहेत. नवे नाव देऊन व्याख्येबाहेर पडता येते, हा २००३ च्या कायद्याचा अनुभव होता. ‘कोणत्याही नावाने’ या दोन शब्दांनी ती वाट बंद केली. शब्दांनी बांधलेल्या कायद्याने शब्दांच्या चंचलतेची दिलेली ही कबुलीच म्हटली पाहिजे.

या अधिनियमाच्या शीर्षकात उत्पादन, निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात अशा नऊ क्रिया आहेत. दहावी क्रिया, म्हणजे प्रत्यक्ष सेवन, तीत नाही. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि पुन्हा अपराध केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड, अशा शिक्षा विक्री आदी कृत्यांसाठी आहेत. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. म्हणजे कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे. ओढणाऱ्या विद्यार्थ्यावर नाही. पालकांनी व शिक्षकांनी हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण कायद्याच्या धाकाने मुलगा गप्प बसला, तर विकणाऱ्याचे नाव कधीच बाहेर येत नाही.

आता अधिकाराचा प्रश्न. राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे; ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत तो नगरपालिकांकडे सोपविण्याजोग्या विषयांतही आहे. मग ई-सिगारेट महापालिकेकडे का नाही? कारण २०१९ च्या अधिनियमाने ई-सिगारेटचा ‘उद्योग’ लोकहितार्थ संघराज्याच्या नियंत्रणाखाली घेतल्याचे आरंभीच घोषित केले आहे. वस्तू तीच राहिली. परंतु ‘आरोग्य’ या शब्दाखालून काढून ती ‘उद्योग’ या शब्दाखाली ठेवताच तिचे दार बदलले. झडती व जप्तीचे अधिकार पोलीस उपनिरीक्षक अथवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आणि शासनाने अधिसूचनेद्वारे प्राधिकृत केलेल्या तत्सम दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहेत. तेव्हा शाळेजवळच्या टपरीवर असे उपकरण विकले जात असल्यास तक्रार रामनगर, टिळकनगर, विष्णुनगर, मानपाडा यांपैकी हद्दीतील पोलीस ठाण्यात केली पाहिजे. टपरी पदपथावर असेल, तर अतिक्रमण म्हणून ती हटविणे महापालिकेला शक्य आहे. पण तेथे अपराध जागेचा होतो, मालाचा नव्हे.

३. दुचाकी, सायकल आणि ई-सायकल

सायकलीची कथा याहून वेगळी. ‘पायगाडी’ आणि ‘दुचाकी’ हे दोन मराठी पर्याय तिला लाभले होते. पैकी ‘पायगाडी’ मागे पडली. ‘दुचाकी’ मात्र टिकली, पण तिने मालक बदलला. आज वृत्तपत्रात ‘दुचाकीस्वार’ असे वाचले, की डोळ्यांपुढे येतो तो स्कूटर वा मोटरसायकल चालविणारा. शब्दाचा योग कायम राहून रूढी बदलल्याचे हे ठळक उदाहरण होय. एखाद्या ठरावात ‘दुचाकींसाठी स्वतंत्र मार्ग’ असे लिहिले गेले, तर ज्यांच्यापासून सायकलस्वाराला संरक्षण हवे, त्यांनाच तो मार्ग मोकळा होईल.

ई-सायकलीने यात भर घातली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटरची शक्ती पाव किलोवॅटहून कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असेल, व मान्यताप्राप्त चाचणीसंस्थेने तसे प्रमाणित केले असेल, तर ते ‘मोटार वाहन’ मानले जात नाही. म्हणजे या मर्यादेपर्यंत ई-सायकल हा पांढरा घोडा आहे. मर्यादा ओलांडली की तोच लाकडी घोडा होतो. शब्द तोच, पण सीमारेषा आकड्यांनी आखलेली. मार्गाच्या तोंडाशी लावलेल्या पाटीवर केवळ ‘सायकलींसाठी’ असे लिहून भागणार नाही, हे यावरून उघड आहे.

४. मार्ग, मार्गिका आणि वाट

सर्वांत मोठा घोटाळा ‘ट्रॅक’ या शब्दाने केला आहे. चर्चेत ‘सायकल ट्रॅक’ हा एकच शब्द तीन भिन्न वस्तूंसाठी वापरला जातो. एक, असलेल्या रस्त्यावर रंगाने वा अडथळ्याने वेगळी केलेली पट्टी. दोन, रस्त्यापासून वेगळे असे नवे बांधकाम. तीन, खाडीकाठाने किंवा टेकडीवरून जाणारी मातीची वाट. मराठीत यांसाठी अनुक्रमे ‘मार्गिका’, ‘मार्ग’ आणि ‘वाट’ असे तीन सुटसुटीत शब्द सहज उपलब्ध आहेत. हा भेद केवळ शब्दशौकिनांचा नव्हे; कारण प्रत्येकाचे दार वेगळे आहे.

मार्गिकेचा प्रश्न रस्ता कोणाचा, यावर अवलंबून असतो. सार्वजनिक रस्ते बांधणे व राखणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. फडके रस्त्यावर मार्गिका हवी असेल, तर तो विषय महासभेचा. पण कल्याण-शीळ रस्त्याचे रुंदीकरण राज्य रस्ते विकास महामंडळाने केलेले. तेथील मार्गिकेची मागणी महासभेत मंजूर होऊनही कागदावरच राहू शकते.

मार्गाचा, म्हणजे नव्या बांधकामाचा प्रश्न अधिक गहन आहे. मुंबईत पवई तलावाच्या काठाने बृहन्मुंबई महापालिकेने सायकल व पादचारी मार्ग हाती घेतला होता. तारेच्या जाळ्यांत दगड भरून केलेली ही रचना सच्छिद्र असून ती भराव नव्हे, अशी महापालिकेची भूमिका होती. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांविरुद्ध ठरविले आणि झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. वाद वरकरणी तलावाचा, पण त्याचा कणा ‘भराव कशास म्हणावे’ हाच होता. डोंबिवलीच्या पश्चिमेस उल्हास खाडी आहे. तिच्या काठाने फिरावयास मार्ग असावा, ही कल्पना कोणालाही मोहविणारी आहे. परंतु भरती-ओहोटीच्या पाण्याला किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होतात. शिवाय उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने कांदळवनाभोवतीच्या पन्नास मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण दिले आहे. ज्या ठरावात ‘ट्रॅक’ असे मोघम लिहिले आहे, तो या निर्बंधांपुढे टिकेल की नाही, हे सांगता येणार नाही. ज्यात ‘बांधकामरहित वाट’ असे स्पष्ट लिहून तिची लांबी-रुंदी दिली आहे, त्याचा निदान विचार तरी होऊ शकेल.

५. सभागृहाची भाषा

कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ साली स्थापन झाली. २०१५ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ, जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, कारभार प्रशासकाकडे होता. या अवधीत निर्णय झाले. परंतु निर्णयाआधी नगरसेवकांनी उठून शब्दांविषयी प्रश्न विचारावेत, असे सभागृह नव्हते. ठरावाची भाषा चर्चेतच घासून स्वच्छ होते. चर्चा थांबली की भाषाही ढिली पडते, हे या काळाचे कमी दिसणारे नुकसान होय.

आता चर्चेचे माध्यम मराठीच आहे. स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठीचा वापर २०२२ च्या राज्य अधिनियमाने अनिवार्य केला आहे. पण इंग्रजी शब्दाऐवजी मराठी शब्द लिहिल्याने काम संपत नाही. किंबहुना तेथे ते सुरू होते. यासाठी तीन पथ्ये सुचविता येतील. पहिले, वस्तूची व्याख्या तिच्या रूपावरून किंवा नावावरून न करता तिच्या कार्यावरून करावी. २०१९ च्या अधिनियमाने हा धडा घालून दिला आहे. दुसरे, ज्या शब्दाचा रूढ अर्थ सरकला आहे, त्याला ठरावात प्रवेश देऊ नये. ‘दुचाकी’ हे त्याचे उदाहरण. तिसरे, जेथे भाषेत तीन शब्द आहेत, तेथे एका उसन्या शब्दावर भागवू नये. मार्ग, मार्गिका व वाट यांचा भेद जपावा.

मुलगा सायकलीवरून शाळेत जातो. वाटेत त्याला मोटारीपासून जपावयाचे आहे आणि शाळेच्या दाराशी रंगीबेरंगी नळी विकणाऱ्यापासूनही. पहिल्या रक्षणासाठी त्याच्या आईने महापालिकेचे दार ठोठवावयाचे आहे, दुसऱ्यासाठी पोलीस ठाण्याचे. कोणते दार कोणते, हे तिला ठरावाच्या व पाटीच्या भाषेतून कळले पाहिजे. ते कळत नसेल, तर दोष तिच्या अज्ञानाचा नाही. ज्यांनी शब्द निवडले, त्यांचा आहे.